नीला साडेतेराचीच आहे!

...नाही नाही, तुम्हीच सांगा, बाळंत मी झाले होते का ते? अहो, हसता काय! मी हेच विचारलं शाळेतल्या दत्तोबा कारकुनाला, अगदी तोंडावर, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणतात कसे, "वहिनी, ते तुमचं घरगुती झालं. रजिस्टरात आहे ते सरकारी." घ्या! म्हणजे नऊ महिने मी पोटात वागवलं ते घरगुती, आणि कुणीतरी टाकानं एका ओळीत खरडलं ते सरकारी!

थांबा, पहिल्यापासून सांगते. सातवी झालेय मी, क्रमानं सांगायला येतं मला, पण डोकं तापलं की क्रम कुठला राहायला!

तर माझी नीला. बॅडमिंटन खेळते. आता तुम्ही म्हणाल, संत तुकाराम नगरातल्या कामगाराच्या पोरीला बॅडमिंटन कुठून आलं? तर नीलाच्या पप्पांच्या कंपनीत साहेबलोकांचा हॉल आहे, तिथली पिसं झडलेली शटलची फुलं टाकून द्यायचे, ती हे फर्स्ट शिफ्ट सुटली की डब्यातून घेऊन यायचे. पोळीभाजीच्या वासाची फुलं! दोन बिल्डिंगींच्या मधल्या बोळात माझी जुनी साडी बांधून पोरगी खेळायची, आणि त्या बोळात वारा असा, की फूल मारायचं जिन्याकडं तर जायचं न्हाणीकडं. पण तुम्हाला सांगते, तिचे हात! गुडघ्यापर्यंत येतात का काय असं वाटतं. फूल कुठंही जाऊ दे, हिचा हात आधीच तिथं.

हे हात लक्षात ठेवा हं, सगळा घोळ या हातांनीच केलाय.

शाळेच्या खेळाच्या बाई, सुमनताई, त्यांनी हिला शाळेतून जिल्ह्यात नेलं, जिल्ह्यातून राज्यात, आणि या जूनमध्ये दारात येऊन उभ्या, धापा टाकत, "नीलाची आई, पुण्यात बारा देशांची मुलं येणार आहेत, आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि आपल्या देशाच्या संघात नीला आहे!" मी तर कणकेच्या हातानंच त्यांना मिठी मारली, पातळ खराब झालं बिचारीचं. सासूबाई, भिमाबाई त्यांचं नाव, त्या म्हणाल्या, "देशाच्या म्हंजी आख्ख्या?" आख्ख्या, सासूबाई, आख्ख्या!

आणि मग सुमनताई हळूच म्हणाल्या, "फक्त तेवढा वयाचा दाखला..."

अट अशी, की एक जुलैला मूल चौदाच्या आत पाहिजे. मी म्हटलं त्यात काय एवढं, नीला अकरा डिसेंबर सदुसष्टची, म्हणजे साडेतेरा. सुमनताईंचा चेहरा पडला. शाळेत लिहिलंय एक जून सदुसष्ट. कागदावर पोरगी एका महिन्यानं घोडी झालेली!

आता ही एक जून कुठून आली? आमच्या घरात सगळेच एक जूनचे! मी एक जून, नीलाचे पप्पा एक जून, धाकटे दीर एक जून. सासूबाई शाळेतच गेल्या नाहीत म्हणून वाचल्या, नाहीतर त्याही एक जून. शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, "सहा पूर्ण का?" आणि आईबाप मान हलवायचे, की झाली एक जून. नीलाच्या वेळी मी मान हलवली नव्हती हं, खरं सांगते! साडेपाचच वर्षं झाली होती. पण शेजारच्या मुली शाळेत निघालेल्या बघून हिनं रडून आकांत केला, मी नेली. गुरुजी म्हणाले, "बाळ, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर बघू." म्हणजे हात कानाला पोचला की सहा पूर्ण. आणि ह्या माझ्या बयेनं कान नुसता धरला नाही, पिळून दाखवला! गुरुजी खूश, "सहा काय, सात वाटते!" मी तोंड उघडलं होतं हो... पण शाळेत नाव लागत होतं, पोरगी हसत होती, मिटलं मी तोंड. आठ वर्षं मिटलेलं तोंड, ते आता उघडायला गेले तर दत्तोबा म्हणतात, पुरावा आणा.

पुरावा! बाळंत मी झाले होते का दत्तोबा?

बरं, जन्मही असा तसा नाही. तेव्हा आम्ही दिघीला एका खोलीत होतो. सासूबाई सहा डिसेंबरला दादरला जाऊन आल्या, त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे मी कळा देतेय, सरूबाई सुईण पायाशी बसलेली, आणि एकाएकी मांडणीतली भांडी नाचायला लागली! परात, तांबे, डबे, सगळी धडाधड खाली, एक कळशी तर माझ्या कानाशी वीतभर. कोयनेचा भूकंप! सरूबाई ओरडतेय, "अगं बाई, केवढी दणक्यात येतीय गं ही!" तिला वाटलं मीच करतेय सगळं. भांडी पडायची थांबली आणि नीला रडली. आता अशी तारीख कोणती आई विसरेल?

पण सरकारी दप्तरात नोंद करायची कुणाला सुचलं नाही. भांडी गोळा करत होते सगळे.

इकडं नीलानं रॅकेट माळ्यावर टाकली. दोन दिवस नुसती भाकरी पुढ्यात घेऊन बसायची आणि उठायची. आणि तिसऱ्या दिवशी विचारते, "आई, तेव्हा मी कान धरला नसता तर?" तुम्हाला सांगते, माझ्या काळजात अशी कळ गेली, बाळंतपणात गेली नव्हती. तोंड मी मिटलं, आणि चूक पोरगी स्वतःच्या हाताची समजते! म्हटलं, आता बघतेच.

निघाले पुण्याला, शिक्षणखात्याच्या ऑफिसात. मी, सासूबाई आणि सरूबाई सुईण. नीलाचे पप्पा म्हणाले, "मी सुट्टी टाकू का?" मी म्हटलं, तुम्ही कशाला, बाळंत तुम्ही झाला होता का?

साहेब तसे सभ्य. सगळं ऐकलं, पेन्सिल फिरवत म्हणाले, "बाई, मला पटतंय हो. पण भूकंप हा काही पुरावा होत नाही."

सासूबाई पुढं सरकल्या, पदर खोचला, "व्हय साहेब, तवा तुमी कुठं व्हता?"

"मी? मी कराडला. अहो, काय सांगायचं आजी... माजघराची भिंत अशी आली खाली! वडील नुकतेच उठून परड्यात गेले होते म्हणून वाचले. आई ओरडतेय, गोठ्यातली म्हैस दावं तोडून..." साहेब खुर्चीतून अर्धे उठले, हातांनी भिंत दाखवायला लागले, शिपाई चहा घेऊन आला तो ऐकतच उभा राहिला.

"कवा पडली म्हनला भित्ताड?"

"अकरा डिसेंबर सदुसष्ट! पहाटे चार-सव्वाचार. जन्मात विसरणार नाही!"

सासूबाई म्हणाल्या, "बगा. तुमच्या भित्ताडाची तारीख तोंडपाठ चालती, आन् माज्या नातीची चालत न्हाई?"

शिपाई फिस्सकन हसला! मग साहेबही हसले, आणि कागद पुढं ओढला. मला वाटलं, जिंकलो! कसलं काय... म्हणतात, "दिवस-महिना बदलायला जन्मनोंदीचा उतारा लागतो, तो तुमच्याकडे नाही. पण सालात लिहिणाऱ्याची चूक झाली, एवढं मी माझ्या सहीनं दुरुस्त करू शकतो." आणि सातावर काट मारून वर आठ लिहिला. एक जून अडुसष्ट!

मी म्हटलं, "साहेब, हीसुद्धा खोटीच की!"

"बाई, आधीची खरी होती का?"

"नाही, पण..."

"मुलीला खेळवायचंय का तारीख खरी करायचीय?"

सांगा आता! आले कागद घेऊन. सबंध बसमध्ये सासूबाई एकच म्हणत होत्या, "खरं सांगाया गेलो आन् नवं खोटं घिऊन आलो."

स्पर्धा झाली जुलैअखेर. हॉल एवढा मोठा, की वाराच नाही! नीला मला आधीच बजावून गेलेली, "आई, तू ओरडायचं नाही." आणि समोर जी मुलगी आली, परदेशी... अहो, खांब! माझ्या नीलापेक्षा दीड वीत उंच. मी उठलेच होते, विचारणार होते, ही चौदाच्या आत? हिचा कान कोणत्या गुरुजींनी बघितला? पण विचारू कोणत्या तोंडानं? माझ्याच पोरीच्या कागदावर सातावर काट मारलेली. बसले परत खाली.

पहिला गेम गेला, अकरा-चार. दुसऱ्यात नीलाचे ते हात सुटले! बोळातल्या वाऱ्यात शिकलेले हात हो! अकरा-आठ, नीलानं घेतला! आणि माझ्या शेजारी एक गोरी बाई, तिच्या मुठी आवळलेल्या, ओठ पांढरे, मी ओळखलं, ही खांबाची आई. तिनंही मला ओळखलं. बोलायचं काय, भाषा नाही. तिनं माझ्या नीलाकडं बोट केलं आणि बोटं मोजून विचारलं, केवढी? मी दहा दाखवली, मग तीन. तिनं तिच्या लेकीकडं बोट केलं, दहा, तीन... आणि एक बोट अर्धं मुडपलं. साडेतेरा!

मला काय झालं कुणास ठाऊक, मीही झटकन बोट वर केलं आणि अर्धं मुडपलं. साडेतेरा! खरी, साडेतेराच! तिनं मान डोलावली. तुम्हाला सांगते, एवढ्या सगळ्यात त्या एका बाईनं कागद मागितला नाही. तिला माहीत होतं, बाळंत कोण झालं होतं ते.

तिसरा गेम अकरा-नऊ गेला. हरली म्हणायची नाही हं! एक गेम घेऊन हरलीय, बारा देशांपुढं!

आता स्पर्धेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, त्यावर इंग्रजीत छापलंय, जन्म एक जून अडुसष्ट. आणि परवा दत्तोबांनी बोलावलं, म्हणतात, "वहिनी, या तारखेनं मुलगी पाचव्या वर्षीच पहिलीत बसली, हे कसं काय?" मी म्हटलं, "दत्तोबा, हात लांब होते!" आणि आले उठून.

आधी कागदावर सहा महिने मोठी होती, आता सहा महिने लहान आहे, बरोबर वयाची ती फक्त माझ्या घरात असते. त्यामुळं ठरवलंय, एक जूनला सरकारचा मान म्हणून सगळ्या घराला मिळून एक पातेलं शिरा. आणि अकरा डिसेंबरला पहाटे उठून नीलाला एकटीला, गरम गरम. फक्त त्या दिवशी, आदल्या संध्याकाळीच... मांडणीतली भांडी तेवढी खाली उतरवून ठेवते.