ॲडजस्ट कोण करणार?

ॲडजस्ट हा शब्द मी मीरा रोडला राहायला आल्यावर शिकले, बरं का. शेअर रिक्षात चौथा माणूस शिरला की ॲडजस्ट, शेजारणीने साखरेऐवजी गूळ दिला तरी ॲडजस्ट.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. माझ्या नणंदेला, सुनंदाला, बघायला केबिन रोडची मंडळी आली. आधीची दोन स्थळं परत गेली होती, त्यामुळे सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. आमच्याकडे खुर्च्या कमी, म्हणून समोरच्या हंसाबेनकडून आणल्या आणि खुर्च्यांबरोबर त्याही आल्या.

मुलाची आई म्हणाली, "आमच्याकडे दोनच खोल्या, नळाला पाणी पहाटे येतं. मुलीला जरा ॲडजस्ट करावं लागेल."

"करेल की!" सासूबाई लगेच म्हणाल्या.

तेवढ्यात चहा पिता पिता हंसाबेननी विचारलं, "और लडका? वो क्या ॲडजस्ट करेगा?"

हेही स्थळ गेलं, असं मला वाटलं. सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू हंसाबेनना मीच पढवून आणलं होतं.

मुलगा लाजत म्हणाला, "पहाटेचं पाणी मी भरेन."

सुनंदाने पहिल्यांदा मान वर केली. "रोज?"

"रोज."

त्याच्या आईने कपबशी खाली ठेवली. "इतकी वर्षं मी एकटी हंडे भरतेय, तेव्हा तुला कधी सुचलं नाही रे?" मग ती सासूबाईंकडे वळली. "विहीणबाई, लग्न याच महिन्यात उरकून टाकू!"