बोटभर झाल्यावर

(नेकनूरजवळचं तळं. गोदावरीवरून कावडीनं आणलेल्या माशांच्या पिल्लांचे माठ काठावर ठेवून, त्यातला एक हातात घेऊन शहादेव भोई पाण्यात उतरलाय. माहेरपणाला आलेली त्याची बहीण सारजाबाई माठांपाशी.)

सारजाबाई : दम धर की रं! माठ उलटा करू नगंस.

शहादेव : कावून? गेवराईपासून पाणी बदलत आणलीत. माठात मरत्याल.

सारजाबाई : आन् तळ्यात मरळ मासा गिळंल. बघ तरी, जवारीच्या दाण्याएवढी हायती.

शहादेव : आबाबी अशीच सोडायचे.

सारजाबाई : सोडली व्हती. मरळी तेवढ्या माजल्या, जाळं रिकामंच. मंग आईनं घरामागं खड्डा खांदला. कोंडा, पेंड चारली. बगळा उतरला की पदर हालवीत पळायची. गाव हासायचं, भोयाची बायको मासे वळती म्हणून.

शहादेव : मी लई ल्हान व्हतो, आक्का. जगली का?

सारजाबाई : बोटभर झाल्यावर सोडली. फुडच्या साली जाळं वढाया चार घरची माणसं लागली! आबा आईकडं बघून नुसते हासले. त्याच साली माझ्या सासरचे मला न्यायला आले.

शहादेव : थोरली भिवराक्काबी ल्हानपणीच गेलती ना?

सारजाबाई : दुधाचे दात पडले नव्हते, तवाच नांदाया धाडली. तिथं तापात गेली. सांगावाबी उशिरा आला. म्हणून आई उंबऱ्यात आडवी बसली. म्हणली, "पोरगी अंगानं भरू द्या, मंग मीच आणून घालते."

शहादेव : आबा काय म्हणले?

सारजाबाई : मान खाली घालून बसले. सासरा म्हणला, "जबान दिलीय तुमी. न्हाई धाडलं तर सोडचिठ्ठी." तवा आबा उठले. म्हणले, "द्या."

शहादेव : आबा? असं बोलले?

सारजाबाई : तेवढंच बोलले. सासरा हात हालवीत गेला, पर सोडचिठ्ठी काय दिली न्हाई. लई दिवाळ्या ऱ्हायले मी माहेरात. आईच्या हातचं खाऊन थोराड झाले.

शहादेव : तू गेलीस तवा गाडीमागं पळलतो मी. तेवढं ध्यानात हाय.

सारजाबाई : आई न्हाई पळली. माझ्या दंडाला धरून बघितलं, आन् म्हणली, "आता जा."

शहादेव : कुदळ घिऊन येतो. खड्डा कुठं खांदू?

सारजाबाई : मागल्या भिंतीला लागून. तिथं सावली ऱ्हाती. आई तिथंच बसायची.