आजीचं निराळं ताट

(गारखेड्यातलं घर. उमा दवाखान्यातून नुकतीच परतलीय. स्वयंपाकघरात एक ताट खणखणतं.)

उमा: काय आपटलं, आत्याबाई?

मनकर्णाबाई: आपटलं नाय, ठिवलं. दवाखान्यातून आल्यापसून सुनबाई मुकी. म्हणलं, काहीतरी वाजवावं.

उमा: अहो, जिना चढून दम लागला! गाठ अर्ध्याहून लहान झालीय. केमोच्या चारच सलाईनमध्ये!

मनकर्णाबाई: आतड्यातली? माझी?

उमा: नाही, शेजारणीची! तुमचीच. अजून चार सलाईन, मग ऑपरेशन. आणि त्या डबीचाही रिपोर्ट आला.

मनकर्णाबाई: हळू बोल. पोरगी ऐकतीय.

हिमानी: मला माहितीय! आजीच्या शीची डबी. फ्रिजमध्ये दह्याजवळ होती. बाबांना वाटलं पेढे!

मनकर्णाबाई: थंड ठिवा म्हणले, ठिवली. रुमालात बांधून. माझ्या सत्यमला खायाची लई घाई.

उमा: तुमच्या पोटात एका जातीचे जंतू सापडले. ते विष सोडतात. त्यानं आतड्याला आतून ओरखडे पडत राहतात, वर्षानुवर्षं. त्यातून गाठ होऊ शकते.

मनकर्णाबाई: माझ्याच पोटात राहून, माझंच खाऊन मलाच डसले? आपल्या गावची, पाचोडची भावकीच म्हन की!

उमा: कधीकधी तेच विष गाठीला निबर करतं, औषध लागूच पडत नाही, असा डॉक्टरांना संशय आहे. शोध चालू आहे, म्हणून तर डबी मागितली. तुम्हाला मात्र औषध लागू पडलं.

मनकर्णाबाई: आले कुठून मेले? टँकरच्या पाण्यातून?

उमा: ते कुणालाच सांगता येत नाही.

हिमानी: आजी, मला भरव ना.

मनकर्णाबाई: नगं बाई. लांब बस. माझं ताट निराळं.

हिमानी: किती दिवस निराळं?

उमा: आत्याबाई, आज मी डॉक्टरांना तेच विचारलं. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही.

मनकर्णाबाई: आन् ते जंतू?

उमा: धडधाकट माणसांच्या पोटातही असतात म्हणाले. साबणानं हात धुवा आणि नातीला भरवा.

मनकर्णाबाई: आठ दिसाला पानी येतंय अन् डाक्टर हात धुवा म्हनतो!

उमा: आज आलंय. दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेत. धुवा मनसोक्त.

हिमानी: आजी, कोपरापर्यंत कशाला धुतेस?

मनकर्णाबाई: चार महिन्यांचं भरवायचं राहिलंय. ये. आ कर. हा घास वाळूजला कामाला गेलेल्या बाबाचा.

हिमानी: अं… अजून!

मनकर्णाबाई: हा तुझ्या आईचा, जिना चढून दमली म्हनून.

उमा: रडताय का हो?

मनकर्णाबाई: तिखट लागलं.

उमा: दूध-भाकरीत?

मनकर्णाबाई: गप गं! आ कर, राणी. हा पोटातल्या गुणी जंतूंचा.

हिमानी: गुणीपण असतात?

उमा: लाखो. ते बिचारे पोट सांभाळतात.

हिमानी: मग आई, माझ्या पोटात कोणते राहतात गं?