आप्पांची हवेची गादी

दुष्काळात आमच्या गावात आजारी पडायची चढाओढ लागलती, ठाऊक हाय का तुमाला?

त्या साली आमच्या आप्पांचा मणका सरकला. डॉक्टर म्हणला, बाजंवरून हलू देऊ नका. मी बीडला जाऊन हवेची गादी, मेणकापड, लघवीचं भांडं, सगळं सामान आणलं. तेवढ्यात पंचायतीनं ठरवलं, ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलेला हाय, त्याला टँकरचा एक ड्रम जादा. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत धडधाकट माणूस औषधालाबी सापडंना.

सकाळीच सोसायटीचे चेअरमन जीप घेऊन दारात. "आप्पांचं सामान घंटाभर द्या. तपासणीला ग्रामसेवक यायलाय."

मी म्हणलं, "अन् आप्पांचं काय?"

"आप्पा तर खरेच आजारी हायत. त्यांना सामान कशाला दाखवावं लागतंय?"

चेअरमनला न्हाई म्हणायची आमच्याकडं पद्धत न्हाई. गादी गेली, भांडंबी गेलं.

ग्रामसेवक आधी चेअरमनकडंच गेला. ते आप्पांच्या गादीवर गळ्यापर्यंत चादर ओढून कण्हत होते. तिथून तो आमच्या घरी आला, बाजंखाली वाकून बघितलं न् माझ्यावर खेकसला, "ना गादी, ना भांडं! पाण्यासाठी म्हाताऱ्याला उगंच झोपवलं व्हय रे? ड्रम बंद!"

तो गेल्यावर आप्पा हळूच मला म्हणले, "चार केळी घे न् चेअरमनला भेटून ये. एवढं सामान लागायलंय, म्हंजी माणूस काय वाचत न्हाई."