दोन कडव्यांच्या मधली जागा

हॅलो? … कोण? … अगं अंबर तू! पुन्हा नवा नंबर? मला वाटलं विमेवालीच आली डोकं खायला. …

हो, हो, बोल की. मोकळीच आहे. मगरिबची बांग झाली, दार लावलं, आणि बसलेय तुझंच गाणं उघडून. …

पण तुझ्याकडे एवढा कसला गलका? लग्न आहे का कुणाचं? …

अरेरे. म्हातारा वारला? अगदी शेजारीच? … आज सातवा दिवस होय. म्हणजे आता प्रार्थनेला गल्लीभर माणसं आणि दारात चपलांचा ढीग. … तुझी घरमालकीण मावशी तांदळाचे आपेम करतेय? किती? … दोनशे! एकटी? आणि तू खुशाल फोनवर? जा, पीठ घोट जा तिला. … बरं बाई, पाच मिनिटं.

नको! नाव नको सांगूस. त्या म्हाताऱ्याचंही नको आणि गावाचंही नको. आपलं काय ठरलंय? तू कुठे आहेस ते मला कळताच कामा नये. तुझा नवरा दोनदा येऊन गेला माझ्या दारात. तोंडावर सांगितलं, गुनादी, तुझी बायको कुठे आहे मला माहीत नाही. ताठ मानेनं सांगितलं, कारण खरंच माहीत नव्हतं. खोटं बोलायचं असतं तर नाकावर घाम आला असता माझ्या. तुला ठाऊक आहे की. …

मनगट कसं आहे? … पण वाकतंय ना? … आठ महिने झाले गं. हात झडो मेल्याचा. …

बरं, ते जाऊ दे. अगं ऐक ना. अभिप्राय आलेत! … हो, आमच्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या ग्रुपवर. शनिवारीच टाकलं मी. नाही, नाव कुठेच नाही दिलं. गायिका म्हणून नुसती एक रेघ काढलीय. … अठरा जणांनी ऐकलं, सात जणांनी लिहिलं. वाचू? …

पहिला म्हणतो, गिटार फार घुमतंय, घागरीत तोंड घालून वाजवल्यासारखं. दुसरी म्हणते, गिटार छान, आवाज कमी करा. तिसरा म्हणतो, आवाज वाढवा. चौथ्यानं बेमो रिक्षातून जाता जाता ऐकलं म्हणे, त्याला दोन्ही ऐकू नाही आलं. … हस, हस. मी रडकुंडीला आले होते. परवा शनिवारी जकार्ताला पाठवायचंय आणि ही माणसं एक इकडे ओढतात, एक तिकडे.

पण एक आहे ना त्यातला… अंबर, काय माणूस आहे! ‘जुना कान’ असं नाव लावतो. फोटोच्या जागी एक कासव आहे. त्यानं तीन वेळा ऐकलं म्हणे. एकदा हेडफोनवर, एकदा फोनवर, एकदा गाडीत. आणि मग असं नेमकं लिहिलं की मी उडालेच. आवाज गिटारच्या मागे लपलाय, त्याला दोन केस पुढे आणा. गिटारचा घुमारा खालून छाटा. ‘स’ टोचतोय, तो बोथट करा. … केलं ना! सगळं केलं. थांब, ऐकवते. …

आलं ऐकू? … कसं वाटलं? … हो ना? दारात येऊन उभी राहिलीस असं वाटतं. कळलं? चौदा वर्षं या खोलीत गोधड्या टांगून मी गाणी करतेय, सेमारांगात कुणी मला ढुंकून विचारलं नाही. आणि हा माणूस लिहितो, ‘विदुरीताई, तुमच्यासारखा कान शंभरात एकाला असतो.’ मूठभर मांस चढलं गं अंगावर. दोन दिवस हुरळल्यासारखी फिरतेय. …

नाही, भेटले नाही. कोण, कुठला, काही माहीत नाही. साउंडवाला असणार कुठला तरी. …

काय लिहिलंय म्हणजे? सांगितलं की. … अक्षर न् अक्षर? बरं. थांब, चष्मा.

‘दोन कडव्यांच्या मधल्या जागेत एकदम मुकं होतं. तिथे तुम्ही आवाजाची पट्टी सपशेल कापलेली दिसते. खोलीचा श्वास राहू द्या, नाहीतर गाणं मेल्यासारखं वाटतं.’ … बरोबरच आहे त्याचं. मी कापलीच होती. अर्धं मिनिट नुसतं गिटार आहे तिथे, तू गात नाहीस, मग ऐकायचं काय? न ऐकताच उडवलं.

पुढे लिहितो… ‘मला तिचा कच्चा आवाज पाठवा, न कापलेला. कसं मऊ करायचं ते करून दाखवतो.’ …

हो. पाठवला. … मंगळवारी. … अगं, सगळेच पाठवतात एकमेकांना! त्यात काय आहे? तुझा आवाज, एक खोकला, मागे एक कोंबडी. … ओरडू नकोस. … नाही, त्यानंतर करून काही पाठवलं नाही त्यानं. नुसतं लिहिलं, ‘आभारी आहे. आता सगळं नीट ऐकू आलं.’ …

आणखी एक ओळ आहे. थांब. ‘शेवटच्या ओळीआधी ती श्वास अडवते. पहिल्यापासूनची सवय आहे तिची.’ …

हो. असंच लिहिलंय. … ‘पहिल्यापासूनची.’ …

अंबर.

… नाही, नसेल गं. एखादा असंच लिहितो. … हो, मला माहीत आहे गुनादी लग्नांत मिक्सरवर बसायचा. … माहीत आहे मला, तुझ्या आवाजाची पट्टी तोच धरायचा! … थांब, थांब, मला सुचू दे. आवाज ओळखला तर ओळखला. आवाजावर पत्ता लिहिलेला नसतो. तू गात आहेस एवढंच कळलं त्याला. कुठे ते कसं कळणार? मला नाही माहीत, तर त्याला…

बरं, ऐकते. आत्ता ऐकते. फाइल उघडतेय. तू शुक्रवारी गायलीस ना? … सकाळी. कपाटात बसून. बरं. फोन एका कानाला, हेडफोन दुसऱ्या. ठेवू नकोस.

हं. … खुर्ची करकरली. … तुझा खोकला. … पहिलं कडवं. … सुंदर गातेस गं भवाने. … हं, संपलं. आता ती जागा. … कोंबडी. … कुणीतरी भांडं ठेवलं. …

मशिदीचा भोंगा सुरू झाला. कुणीतरी फू फू करतंय माइकवर. …

… … …

अंबर, तुला हे ऐकू नव्हतं आलं? … हो, हो, तुझ्या कानात गिटार होतं. मीच बजावलं होतं, मोठ्यानं लाव म्हणून.

अगं, वारल्याचं सांगतायत. म्हातारे पाक मुल्योनो वारले. शुक्रवारच्या नमाजानंतर दफन. … ‘करंगवारू वस्ती, गल्ली चार, पाण्याच्या टाकीमागचं घर. सर्वांनी यावं.’ … दोनदा सांगितलं. घर सापडावं म्हणूनच तर सांगतात. …

अंबर? … तू करंगवारूला आहेस? …

तू टाकीमागे आहेस?

… देवा. देवा रे. मी केलं हे. त्या दोन गोड शब्दांसाठी मी तुला उचलून त्याच्या हातात दिलं. … नाही, रडत नाहीये. रडायची वेळ नाही. ऐक माझं. मंगळवारी मिळाली त्याला फाइल. आज गुरुवार. सातवा दिवस मोजता येतो त्यालाही. आज तुमच्या गल्लीत कुणीही टोपी घालून आला तरी त्याला कोण विचारणार, बाबा रे तू कुणाचा? वर चहा देतील हातात.

दिवा घालव. मावशीला हाक मार, हळू. … ती कुठेय? … पुढच्या दारात? कुणाशी बोलतेय? …

कसला पाहुणा? … काय म्हणतोय? …

‘गाणारी मुलगी इथेच राहते ना.’ …

तिथे कुणाला माहीत आहे तू गातेस ते? … कुणालाच नाही ना? मावशीलासुद्धा नाही? … मग उठ. उठ, अंबर! कपडे नको, पिशवी नको. मागचं दार आहे ना चुलीकडे? … बाहेर काय? … मावशीच्या मुलाची मोटरसायकल. किल्ली? … खिळ्यालाच. घे. … मनगटाचं काय घेऊन बसलीस? गियरची नाही ना? मग झालं तर. ढकलत ने कोपऱ्यापर्यंत, लगेच सुरू करू नकोस. त्याचा कान…

हो. कुठे जातेस ते मला सांगू नकोस. … अजिबात सांगू नकोस. …

फोन तिथेच टाक. चालू राहू दे. … अगं टाक म्हणते ना! नंतर दुसऱ्या नंबरवरून… कधीतरी कर. जा. …

अंबर? … गेलीस? …

… …

हा तुझाच आवाज येतोय का? … छे. दुसरं कडवं सुरू झालंय कानात. … बंद कर, बंद कर बाई हे.

… …

हॅलो?

… हो. मीच. विदुरी. …

ओळखला ना. का नाही ओळखणार? …

ती कुठे गेली ते मला माहीत नाही. … नाही, गुनादी, खरंच माहीत नाही. कुणाचीही शपथ घ्यायला लाव. …

थांबा. ठेवू नका. एक मिनिट. … तुम्हाला शिव्या नाही द्यायच्या मला. गाण्याचं विचारायचंय. … हो, आत्ताच. शनिवारी पाठवायचंय, मग कधी विचारू? तुम्ही म्हणालात आवाज दोन केस पुढे आणा. आणला मी. पण आता शेवटची ओळ कडक लागते. … हो ना? मला वाटलंच. तुमच्यासारखा कान आहे कुणाचा इथे? बाकीचे सगळे गाढव. …

हं. … हं. … म्हणजे तिथे आवाज खाली घेऊ? की गिटार उचलू? … अच्छा. लिहून घेते, सावकाश सांगा. … आणि ती मधली जागा? ती कशी मऊ करायची? सांगणार होतात तुम्ही, करून काही पाठवलं नाहीत. … हो, हो. खोलीचा श्वास. किती ठेवायचा? … नाही कळलं मला. पुन्हा सांगा ना. पहिल्यापासून. …

काय? …

मोटरसायकल? … कसली मोटरसायकल? …

नाही हो. मला नाही ऐकू आलं काही. … मी सांगते ना, काहीसुद्धा नाही. तुम्ही बोला. मधल्या जागेचं सांगत होतात. …

हॅलो? … गुनादी? …

हॅलो?