बबनचा माणदेशी बैल

चहा येईपर्यंत आमच्या कुळगावच्या बबनच्या बैलाचं ऐका. खोटं वाटलं, तर चहा माझ्याकडून.

बबनने व्यापाऱ्याकडून शर्यतीचा बैल घेतला आणि गावभर सांगत सुटला, "खास माणदेशातून आणलाय. वारा मागे राहतो!" घरी बायकोला, म्हणजे सुमनवहिनींना, रोज ऐकवायचा, "याला म्हणतात जनावर! तुझ्या माहेरी असलं कुणी बघितलं तरी आहे का?"

शर्यतीच्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी बैलाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर यंत्र धरलं. टुंई! मोबाइलवर बघून त्या म्हणाल्या, "जन्म चिखलोलीचा."

"नीट बघा मॅडम, माणदेश असेल."

"चिखलोलीच. पहिले मालक गोमा भोईर."

मी ओरडलो, "बबन्या, हे तर तुझे सासरे!"

मैदान खदाखदा हसलं. बबनने तिथूनच सासऱ्यांना फोन लावला. सासरे म्हणाले, "जावईबापू, तो तुमच्याकडे आला होय? गर्दी दिसली की फतकल मारतो, म्हणून तर विकला."

वळून बघतो, तर बैल बसलेला.

बबन शर्यत बघायला आलेल्या वहिनींवर उखडला, "माहेरचा बैल तुला ओळखता आला नाही?"

"दावणीला बांधलात त्याच दिवशी ओळखला."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, लग्नाला वीस वर्षं झाली. माझ्या माहेरच्या कुणाचं तरी या घरात पहिल्यांदाच कौतुक चाललं होतं. म्हटलं, चालू दे!"