सतरावा सोमवार

(महाड, २००९. दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणारं दोन टेबलांचं ऑफिस.)

आमोद : तेच सांगतोय, मैथिली. सोळा आठवडे तू वेगळ्या ब्रँचमध्ये, प्रोग्रॅमच्या बाजूच्या फांदीत, लिहीत होतीस. ते सगळं मी मुख्य प्रोग्रॅममध्ये मर्ज केलं. आता तुझी ब्रँच बंद कर.

मैथिली : मर्जवर नाव तुमचं आहे, सर.

आमोद : जोडणाऱ्याचंच येतं. आपले मालक श्रीधर साहेब आले की यादीत एकच ब्रँच दिसू दे. उगाच प्रश्न नकोत.

मैथिली : पुण्याच्या मोठ्या ऑफिसात कोणाला न्यायचं, ते साहेब आज ठरवणार ना?

आमोद : औषधाचा चुकीचा डोस पकडणारा भाग ज्यानं लिहिला, त्याला.

मैथिली : तो मी लिहिला.

आमोद : टीमनं लिहिला. गेल्या वर्षीसारखी रडू नकोस हां.

मैथिली : गेल्या वर्षी माझं काम तुमच्या नावावर गेलं, तेव्हा रडले. यंदा सोळा सोमवार धरले.

आवडी : चहा घ्या. साहेब वीर टेशनाला कवाच उतरलं, हैबतीच्या रिक्षात हायत. मैथिलीताय, तुला चहा नाय ना? आज उद्यापन.

मैथिली : पूजा पहाटेच झाली, मावशी. ठेवा.

आमोद : झाली का ब्रँच बंद?

मैथिली : बंद करताना दोन ओळी लिहाव्या लागतात.

आमोद : लिही काहीतरी.

मैथिली : लिहिलं. बघा यादी.

आमोद : वा! नावनिशाणी नाही राहिली.

मैथिली : मावशी, उद्यापन केलं की आधीचे सोमवार पुसले जातात का हो?

आवडी : छ्या! महादेव इसरतो व्हय गो?

मैथिली : हेही तसंच, सर. बंद ब्रँच यादीतून फक्त आड जाते. 'बंद केलेल्याही दाखव' म्हटलं की एकूणएक बदल, नाव-तारखेसकट.

आमोद : साहेबांना कुठे माहितीये ते?

मैथिली : कसं बघायचं ते शनिवारीच साहेबांना मेल केलंय मी.

आमोद : ...काय लिहिलंस त्या दोन ओळींत?

मैथिली : 'मैथिलीनं एकटीनं लिहिली. आमोद सरांनी फक्त जोडली.'

आमोद : काढ ते! प्लीज, मैथिली.

मैथिली : लिहिलेलं तसंच राहतं. आणि प्लीज मीही म्हटलं होतं, गेल्या वर्षी.

आवडी : महादेवाकडं मागितलंस तरी काय गो?

मैथिली : न्याय मागायला बसले होते, मावशी. तोंडातून निघाली यांची नामुष्की.

आवडी : रिक्षा आली बघा खाली.

मैथिली : चूर्मा आणलाय, सर. एक भाग देवाला ठेवला, एक घरी. वाटायच्यातला पहिला घास तुमचा. घ्या, प्रसादाला नाही म्हणू नये.